आमची विहीर पाणी सोडत नाही

गल्लीच्या कमिटीला आमच्या घरातून जो होकार गेला तो माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. होकार माझ्या नवऱ्याचा. रायपुरात 'हो'ला 'हव' म्हणतात, आणि आमच्या या गृहस्थांनी आयुष्यात कुणालाही 'हव'शिवाय दुसरं उत्तर दिलेलं नाही. भाजीवाला म्हणाला वांगी ताजी आहेत, हव. साहेब म्हणाले रविवारी या, हव. तसंच चैत्रातल्या एका संध्याकाळी कमिटीची माणसं मंदिराच्या ओट्यावर बसली होती, त्यांनी काहीतरी विचारलं, हे हव म्हणाले आणि वर चहा पिऊन घरी आले.

"कशाले हव म्हणलं?" मी विचारलं.

"विहीर बुजवाची म्हणून राहिले सगळे. रस्ता नवा होऊन राहिला ना. मलबा तेच आणून टाकतीन, आपल्याले काही कराचं नाही."

"अन् तुमी हव म्हणलं."

"सगळे बसून होते. एकट्यानं नाही कसं म्हणाव?"

त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, आणि ते न बोलण्यापेक्षा त्यांना महागात पडलं.

विहीर आमच्या पुढच्या अंगणात आहे, कठडा जवळजवळ गल्लीला टेकलेला. सासरची मंडळी भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आली आणि पुरानी बस्तीत राहिली. राज्य गेलं, मराठी राहिली, विहीर राहिली. आता मराठीचंही काही खरं नाही, कारण आमच्या पुढच्या पिढीला सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं. निदान विहीर तरी मी माझ्या हयातीत जाऊ देणार नव्हते.

गल्ली तलावाकडे उतरती आहे आणि आमचं घर उताराच्या अगदी पायथ्याशी. मी लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून घरात यायला पायऱ्या चढाव्या लागत. मग रस्त्यावर रस्ता होत गेला. जुना उखडायचा नाही, त्याच्यावरच नवा थर ओतायचा, ही आमच्याकडची पद्धत. रस्ता वर आला की लोक घर पाडून जोतं वर घेतात, मग रस्ता पुन्हा वर येतो. या शर्यतीत आम्ही उतरलो नाही. त्यामुळे आज आमच्या घरात पायऱ्या उतरून यावं लागतं, आणि येणारा पाहुणा पहिल्यांदा हमखास ठेचकाळतो. अख्ख्या गल्लीत मातीचं अंगण फक्त आमचंच उरलं. बाकीच्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतलं, फरशा बसवल्या आणि तुळस कुंडीत घातली.

मागच्या भाद्रपदात गल्लीत पाणी भरलं होतं. त्या दिवशी आमची विहीरही काठोकाठ भरून कठड्याच्या फटीतून झिरपत होती. समोर राहणारे शेठ कमिटीचे अध्यक्ष. किराण्याचं मोठं दुकान, घराच्या खालच्या भागात गोदाम. गोदामात पाणी शिरलं आणि त्यांनी गच्चीवरून खाली पाहिलं, तर त्यांना सगळ्यात आधी दिसली आमची ओसंडणारी विहीर. झालं. पाणी कुठून आलं याचा तपास तिथंच संपला.

"भाभीजी, सारा पानी आपका कुआँ छोड़ता है," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "इसको भर दीजिए, मोहल्ला बच जाएगा."

माझं डोकंच सणकलं. मी मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. नदीला पाणी कुठून येतं आणि कधी येतं, हेच सांगण्यात माझा घसा बसला आणि केस पिकले. आणि हा माणूस मला सांगतो की विहीर पाणी सोडते!

विहीर पाणी सोडत नाही, विहीर पाणी दाखवते. जमिनीच्या पोटात पाणी कुठवर आलंय ते डोळ्यांना दिसावं म्हणून ठेवलेली ती एक खिडकी आहे. ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर फोडत नाही, पण आमच्या कमिटीचा बेत नेमका तोच होता.

वर्गात मी हे घमेल्यांवर दाखवायचे. एका घमेल्यात भाठ्याचा मुरूम, म्हणजे इथल्या उंच माळावरची लाल खडीची माती. दुसऱ्यात कन्हार, शेतातली काळी माती, उन्हानं भेगाळलेली. तिसरं घमेलं नुसतंच पालथं. मग एकीला तांब्याभर पाणी ओतायला सांगायचं, तिन्हींवर सारखंच. मुरूम सगळं गिळायचा. काळी माती आधी भेगांतून गटागटा प्यायची, मग फुगायची, भेगा मिटायच्या आणि उरलेलं पाणी वरून सोडून द्यायची. पालथ्या घमेल्यावरचं पाणी तर ओतणाऱ्या मुलीच्या बुटांवर. सगळ्या खिदळायच्या. मी म्हणायचे, थांबा, आता त्याच मुरमावर पुन्हा ओता. पुन्हा. आणखी एकदा. आणि मग तोच मुरूम, जो आधी थेंब सोडत नव्हता, तो ओतलेला तांब्याच्या तांब्या परत करायचा. खिदळणं थांबायचं. पाऊस तेवढाच होता, जमीन भरली होती, हे मग मला फळ्यावर लिहावं लागत नसे.

मधल्या सुट्टीनंतर परत आलो की मुरमाच्या घमेल्याला खाली पाडलेल्या भोकातून थेंब थेंब चालूच असे. ही माघातली नदी, मी सांगायचे.

कारण नदीसुद्धा मी त्यांना दाखवून आणलेली असायची. आमची खारून शहराच्या पश्चिमेला आहे. शाळेची बस काढून मी मुलींना पुलावर न्यायचे. नवतप्याच्या, म्हणजे मृगाआधीच्या त्या नऊ जाळत्या दिवसांच्या, उन्हात जमीन भाजून निघालेली असते, त्यावर पहिला दणदणीत पाऊस होतो, मुली मोठ्या आशेनं वाकून पाहतात आणि नदी जेमतेम सरकलेली. "मैडम, इतना पानी गिरा, गया कहाँ?" जमिनीनं पिऊन टाकलं, राहिलेलं उन्हानं ओढून घेतलं. मग भाद्रपदात नेलं की बघावं. दोन दिवसांची नुसती रिपरिप, छत्री उघडावी की नको असा पाऊस, आणि नदी घाटाच्या पायऱ्या गिळत वर आलेली. आणि माघात, दिवाळीनंतर थेंब पडलेला नसतो तरी पात्रात नितळ पाणी वाहत असतं. ते कुठून? आपल्या पायांखालून. रायपूरच्या खाली चुनखडीचा खडक आहे, त्याला भेगा आहेत, पोकळ्या आहेत. पावसाळ्यात जे मुरलं ते तिथून हळूहळू नदीकडे चाललेलं असतं. वाटेत आमची विहीर.

हे सगळं मी कमिटीला सांगितलं नाही असं नाही. मंदिराच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं, एकानं मान डोलावली, दुसऱ्यानं चहा मागवला, आणि शेठ म्हणाले, "मैडम पढ़ाती बहुत अच्छा हैं. पर भाई साहब ने तो हव कह दिया है." घरी आले ती दात-ओठ खात.

सुटका मुलीनं केली, तिला नकळत. ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आषाढ संपता संपता नात झाली. आमच्यात सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते. हळद-कुंकू वाहायचं, घुगऱ्यांचा नैवेद्य, विहिरीची ओटी भरायची आणि स्वतःच्या हातानं पाणी काढून घरात आणायचं. तोवर ती पाण्याचं काम करत नाही. मी कमिटीला निरोप धाडला, विहीर पुजल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा मुद्दा मात्र सगळ्यांना लगेच पटला. भूगोल नाही पटला, घुगऱ्या पटल्या. शेठच्याच घरी सून बाळंत झाली तेव्हा त्यांची पंचाईत मी पाहिली होती. त्यांची स्वतःची विहीर त्यांनी नवा हॉल बांधताना बुजवली होती, मग सुनेनं परसातल्या बोअरच्या पाइपाला हळद-कुंकू लावलं आणि मोटरचं बटण दाबून पाणी काढलं.

मुलगी मात्र माझ्यावरच वैतागली. "आई, तू भी ना. पापा ने बोल दिया तो बोल दिया. किस-किस से लड़ोगी?"

"जो जो येईन त्याच्याशी," मी म्हटलं.

ती बाळाला घेऊन आत गेली. घरात आता तिघं एकीकडे आणि मी एकीकडे, आणि तिसरं माणूस तर अजून मान धरत नव्हतं.

आषाढात एकदा प्रचंड पाऊस झाला होता. नवा रस्ता नुकताच झालेला, बाजूला सिमेंटची नाली. धो धो कोसळला, नाली तुडुंब वाहिली आणि संध्याकाळपर्यंत गल्ली कोरडी. माझं अंगण तर तासाभरात सगळं पाणी पिऊन मोकळं. शेठ गच्चीवरून हसत म्हणाले, "देखा भाभीजी? नाली का कमाल!" मी विहिरीत डोकावले. पाणी खूप खाली होतं, उन्हाळ्याची तहान भागली नव्हती. मी वर पाहून म्हटलं, "भैया, अभी ज़मीन प्यासी है. पोला के बाद बताना."

श्रावणभर बंगालच्या उपसागरावरून एकामागून एक ढग येत राहिले. मोठा पाऊस नाही, पण थांबणंही नाही. रोज सकाळी दात घासताना मी विहिरीत बघायचे, इतर बायका मोबाइल बघतात तसं. पाणी रोज वर. आधी दगडी बांधकामाच्या तळाशी, मग जिथं बांधकामातून पिंपळ उगवलाय तिथं, मग पिंपळाचं मूळ बुडालं. पोळ्याला मी वाकून हात घातला तर बोटं भिजली.

त्या दिवशी मी गल्लीत घरोघर गेले. फ्रीज वर घ्या, गाद्या वर टाका, जमीन भरलीय, आता जो पाऊस येईल तो सगळा आपल्या दारात उभा राहणार. शेजारच्या घरातल्या म्हातारीनं फ्रीजखाली पाट सरकवले. एकदोघींनी धान्याच्या कोठ्या हलवल्या. बाकीच्यांनी तोंडावर हव म्हटलं आणि पाठीमागं हसल्या. शेठला मी दुकानात जाऊन सांगितलं, गोदामातली पोती उचला. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. बरंच स्वच्छ होतं. "बादल तो है नहीं," ते म्हणाले.

"बादल ऊपर नहीं, नीचे देखिए," मी म्हटलं आणि घरी आले. मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, ते लपवत नाही. इतकी वर्षं लेकरांना जे शिकवलं ते माझ्याच गल्लीत कुणाला ऐकायचं नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी पाणी आलं. इथं तीजा म्हणतात, आणि तीजेला लग्न झालेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, त्यामुळे घरं भरलेली. पहाटेपासून पावसाची रिपरिप होती, विजा नाहीत, गडगडाट नाही. दुपारपर्यंत तलाव भरून त्याचा खारूनकडे जाणारा नाला उलटा फुगला, कारण तिकडं खारून आधीच भरली होती आणि नाल्याचं पाणी घ्यायला तयार नव्हती. नालीची कमाल नालीतच राहिली. वरच्या सगळ्या सिमेंटच्या अंगणांतलं पाणी उतारानं खाली आलं आणि निर्जळी उपवास धरलेल्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोती, पाट, पोरं वर चढवू लागल्या. आमच्या घरातही आलं. पायऱ्या उतरून अगदी पाहुण्यासारखं आलं. आम्ही मुलीला आणि बाळाला पलंगावर बसवलं आणि मी घमेल्यानं पाणी उपसत बसले. आषाढात तहानलेलं माझं अंगण आता भरलेलं होतं, तेही काही पीत नव्हतं. ते मी आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चतुर्थीला, पाणी ओसरलं. आम्ही गणपती कुठं बसवायचा या विवंचनेत होतो, तेवढ्यात शेठची बायको दारात आली. डोळे रडून सुजलेले. "दीदी, ज़रा चलके देखिए ना. इनसे मत कहना मैंने बुलाया."

मी गेले. गोदामाचे हाल मला माहीत होते, साखर गेली, पीठ गेलं, मला त्याचा आनंद नव्हता. ती मला गोदामात नाही, मागच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तो हॉल भराव टाकून रस्त्यापेक्षा चांगला उंच घेतलेला, तिथं गल्लीचं पाणी पोचलंच नव्हतं. चकचकीत पांढऱ्या फरशा, सोफा, काचेचं टेबल. आणि मधोमध ओल. टेबल बाजूला सरकवलं होतं, फरशा फुगून उचलल्या होत्या आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. पाझर पसरलेला नव्हता, नेमका गोल होता. परातीच्या काठासारखा गोल, फक्त खूप मोठा. बाजूची फरशी खडखडीत कोरडी.

तिनं काही विचारायची गरज नव्हती. तिच्या सासूनं ज्या विहिरीवरून पाणी भरलं होतं ती बरोबर तिथं होती.

तेवढ्यात शेठ आत आले. मला बघून थबकले. मी त्या वर्तुळाच्या काठाशी उभी होते. टोमणे तर माझ्याकडे पोतंभर होते, पण एकच वाक्य बोलले. "भैया, ये पानी मेरे कुएँ का नहीं है. ये आपका है."

बायकोनं देवघरातून करंडा आणला आणि ओल्या फरशीवर हळद-कुंकू वाहिलं. त्यांनी तिला अडवलं नाही.

मी समजले, आता संपलं. कसलं संपतंय! सव्वा महिना झाला, मुलीनं हिरवी साडी नेसून विहीर पुजली. बादलीला दोर लावायची वेळच आली नाही, कठड्यावरून वाकून तिनं कळशी भरली. बाळाच्या कपाळाला पाणी लावलं. ती कळशी कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, किती थंड आहे गं." तिला स्वतःलाच कळलं नाही ती मराठीत बोलली ते. आणि घुगऱ्या वाटून होतात न होतात तोच गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज. मागं ट्रॉली, ट्रॉलीत मलबा. ठरलं म्हणजे ठरलं. कमिटीत ज्यांच्या हॉलमध्ये वर्तुळ उगवलं नव्हतं त्यांनी तो पाठवला होता. शेठ आपल्या दारात उभे होते. पाठवाही म्हणाले नव्हते आणि थांबवाही म्हणाले नव्हते.

मी पदर खोचून कठड्यावर जाऊन बसले. हातात घुगऱ्यांचं पातेलं तसंच. "माझ्या अंगावर टाक मलबा," मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं. त्याला मराठी कळली नाही, पण पातेलं कळलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं.

कमिटीतले एक जण पुढं आले, माझ्याकडे न बघता यांच्याकडे वळले. "भाई साहब, आपने तो हव कहा था."

हे दारात उभे होते, छातीशी नात. मी यांच्याकडे बघितलंच नाही. काय येणार ते मला पाठ होतं.

"म्हणलं होतं," हे म्हणाले. मग हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "कहा था. तब समझा नहीं था. अब नहीं कह रहा हूँ. नहीं भरेगा कुआँ. गाड़ी वापस ले जाओ."

मी मान वळवून पाहिलं. हे नातीला सावरत होते, पण जागचे हलले नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मला म्हटलेलं नव्हतं म्हणून फारच गोड लागलं.

समोरून शेठ चालत आले. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, मागं घे. मग ओंजळ पुढं केली. मला वाटलं घुगऱ्या मागताहेत, म्हणून चमचा भरला. त्यांनी मान हलवली. सुनेला पुन्हा दिवस गेलेत, दुसरा महिना आहे, ते हळू आवाजात म्हणाले. तिला पुढच्या साली विहीर पुजायला इथं आणली तर चालेल का?

"हव," मी म्हटलं.